बाळाप्पाचं पित्त

एका गावात बाळाप्पा नावाचा एक भोळा गाडीवान होता. तसे गावात भोळे पुष्कळ होते, पण बाळाप्पाला विचारून मगच स्वतःला भोळं म्हणवत. लहानपणी आईनं एकदा सांगितलं, वाढलेलं टाकू नये. बाळाप्पानं ते वीस वर्षं पाळलं. लग्नाच्या पंगतीत आग्रह करणारे येत, लाडू वाढत, हा खाई. पुन्हा येत, हा पुन्हा खाई. वाढपी दमले की हा उठे आणि थेट गाडीखाली आडवा होई. मग आंबट पाणी घशाशी येई आणि छातीत आग पडे.

शेजारच्या गावच्या तवनाप्पाच्या शेवंताशी त्याचं लग्न ठरत आलं होतं. शेवंता त्याला फार आवडली होती. तिला पाहून आल्यापासून तो बैलांशीसुद्धा गोड बोलायचा. पण कुणीतरी तवनाप्पाच्या कानावर घातलं, पोरगा सारखा छातीवर हात ठेवतो, काळजाचा आजार दिसतोय. तवनाप्पानं निरोप धाडला, गुरुवारी येऊन पोराला बघतो, मग सुपारी फोडायची की नाही ते ठरवू.

बाळाप्पाची आई हौसाक्का घाबरली. तिनं त्याला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी तपासून सांगितलं, काळीज ठणठणीत आहे, हे पित्त आहे. पोटाच्या तोंडाशी एक झडप असते. पोट गच्च भरलं, वरून कमरेला आवळून बांधलं, की ती नीट मिटत नाही आणि आतलं आंबट वर येतं. तेव्हा बेतानं खा, कमरेचं सैल सोड, आणि जेवल्यावर तीन तास आडवं व्हायचं नाही.

बाळाप्पाला सगळं समजलं. तिथंच घोळ झाला.

मंगळवारी म्हैस वैरण खाऊन बसली आणि रवंथ करू लागली. बाळाप्पा बघतच राहिला. त्याचं नुसतं पाणी वर येत होतं, हिचं खाल्लेलं सगळंच वर येत होतं. त्याला तिची दया आली. त्यानं शेपूट पिरगाळून तिला उठवलं आणि तीन तास बसू दिलं नाही. संध्याकाळी म्हशीनं दुधाऐवजी लाथ दिली.

हौसाक्का म्हणाली, "मुक्या जिवाला असं छळू नये रं. बांधलेल्याला जरा मोकळं सोडावं."

"बरं आई. आता ध्यानात ठेवतो."

बुधवारी त्यानं गाडीत कडबा भरला. गाडी टम्म फुगली होती आणि वरून दोर आवळलेला. बाळाप्पाला स्वतःचं पोट आठवलं, आईचं बोलणंही आठवलं. त्यानं दोर सैल सोडला. गाडी घरी पोचेपर्यंत अर्धा कडबा ओढ्यात गेला आणि अर्धा शेजाऱ्यांच्या गुरांनी खाल्ला.

हौसाक्का म्हणाली, "अरं, भरलेलं डुलायला लागलं की गच्च धरायचं. काय बी झालं तरी सोडायचं न्हाई."

"बरं आई. आता ध्यानात ठेवतो."

गुरुवारी तवनाप्पा आला. अडीच मणांचा गडी. हौसाक्कानं आग्रह केला, त्यानं दहा पुरणपोळ्या रिचवल्या, लांबलचक ढेकर दिली, छाती चोळली आणि खाटेवर आडवा झाला.

बाळाप्पा धावला. काखेत हात घालून त्यानं पाहुण्याला उभं केलं आणि धोतराची गाठ सैल सोडली. झोपेनं जड झालेला तवनाप्पा डुलायला लागला. मग बाळाप्पानं त्याला गच्च धरलं. तवनाप्पानं शिव्या दिल्या, सगळे देव आठवले, निदान धोतर तरी सावरू दे म्हणाला.

"मामा, तीन तास झाल्याबिगर सोडायचं न्हाई," बाळाप्पा म्हणाला.

हौसाक्का चुलीपाशी बसून रडत होती. तिच्या लेखी लग्न मोडलंच होतं.

तीन तासांनी सुटका झाली. तवनाप्पानं धोतर नेसलं, पटका बांधला. मग म्हणाला, "पोरगं येडं हाय. पण माझ्यासारख्याला तीन तास धरून हुबं ऱ्हायलं आन् धाप बी लागली न्हाई. असल्या छातीत कसला रोग? फोडा सुपारी."

रोज दुपारी होणारी तवनाप्पाची स्वतःची जळजळ त्या दिवशी झाली नव्हती, हे मात्र त्यानं कुणाला सांगितलं नाही.

लग्न पंधरा दिवसांवर आलं. हौसाक्का बाळाप्पाला पुन्हा दवाखान्यात घेऊन गेली आणि बाहेरच बायकांना सुपारीची बातमी सांगत बसली. आत बाईंनी विचारलं, जास्त त्रास कधी होतो? बाळाप्पानं खरं ते सांगितलं, लग्नाला गेलो की होतो. मग महिनाभर लग्नाला जाऊच नकोस, असं सांगून बाईंनी पुढच्या पेशंटला बोलावलं.

लग्नाच्या दिवशी वऱ्हाड गाड्यांत बसलं, वाजंत्री वाजू लागली. हळद लागलेला, मुंडावळ्या बांधलेला बाळाप्पा ओट्यावरून हलेना. तिकडे शेवंता मांडवात वाट बघत होती. हौसाक्का गाडीतून उतरून धावत आली. बाळाप्पानं तिच्या हातात नारळ आणि टॉवेल-टोपी ठेवली.

"आई, मला बाईंनी महिनाभर लग्नाला जायाचं न्हाई म्हणून सांगितलंय. तू जाऊन ये. एवढा आहेर दे, आन् नवरदेवाला माझा निरोप सांग, जरा बेतानं जेव म्हणावं."