डिकीतली बॅटरी

गाड्यांचे भाग आपसांत बोलत, त्या काळची गोष्ट. बाबल मेस्त्रीची गाडी मागून हलकी होती. घाटात मागची चाकं जागीच गरगरायची. म्हणून त्याने इंजिनाशेजारची जड बॅटरी उचलून डिकीत बसवली. बॅटरी फुगली.

"दसऱ्याचा हार बॉनेटवर, आणि मी इथे अडगळीत?"

शेजारची स्टेपनी म्हणाली, "बाई, आधी घाट तर येऊ दे!"

घाट आला. मागच्या चाकांनी रस्ता घट्ट धरला आणि गाडी सरसर माथ्यावर पोचली.

"ताई, तुझ्या वजनाने आमचे पाय टेकले गं!" चाकं ओरडली.

बॅटरी अशी हरखली, की तिने मागे बसूनच पुढचा हॉर्न दणक्यात वाजवला.

तेवढ्यात इंजिन हळूच म्हणालं, "काय गं, डिकीत अजून जागा आहे का?"