शिदूचं मीटर आणि हौसाची म्हैस

एका गावात शिदू नावाचा एक भोळा गडी होता. पायात ताकद बैलाची, डोकं मात्र देवानं घाईगडबडीत बसवलेलं. सायकलच्या कॅरेजवर गवताचा भारा घालून तो असा चढ चढायचा, की मोटारसायकलवाले तोंडात बोट घालायचे.

कुणीतरी त्याच्या कानात भरवलं, जत्रेतली सायकलची शर्यत मारायची तर पायाची ताकद मोजणारं पॉवर मीटर पाहिजे. झालं! शिदूनं तालुक्याहून सगळ्यात स्वस्त मीटर आणून पायडलला बसवलं.

बायको हौसा म्हणाली, "अवो, ताकद हाय ते ठावं हाय की. मोजायची कशाला?"

"किती हाय ते कळाय नगं?"

थोड्याच दिवसांत मीटर बंद. सायकल दुकानवाले दस्तगीरचाचा म्हणाले, "सेल संपला, बाबा. काम नसलं की सेल काढून ठेवायचा."

शिदूनं ध्यानात ठेवलं. संध्याकाळी त्याचा बाप, तात्या, देवळात भजनाला टाळ वाजवत बसलेला. कानात ऐकायचं मशीन. शिदू मनात म्हणाला, तात्या नुसते वाजवत्यात, ऐकायचं काम काय? हळूच सेल काढून घेतला. भजन संपलं, आरती झाली, प्रसाद वाटला, पुजाऱ्यानं देवळाला लावायला कुलूप हातात घेतलं. तात्या टाळ वाजवतोच आहे!

"अरं, ते मीटरचं सांगितलं हुतं!" चाचांनी कपाळाला हात लावला.

मग मीटर भलतेच आकडे दाखवू लागलं. चाचा म्हणाले, "मोजायच्या आधी दर वेळी शून्यावर आणायचं."

सकाळी शिदू दूध घेऊन डेअरीत गेला. मोजायच्या आधी त्यानं सगळं दूध गटारात ओतलं आणि रिकामी किटली काट्यावर ठेवली. "मोजा आता. शून्यावर आणलंय." त्या दिवशी घरात कोरा चहा झाला.

तरी मीटर रुसलेलंच. चाचांनी सायकल उलटी करून बघितली. "ह्या सायकलला हे जुळत न्हाई. ह्याला दुसरी सायकल लागंल."

लागंल म्हटल्यावर लागंल! शिदूनं हौसाची म्हैस विकली आणि मीटरला शोभेल अशी सायकल आणली.

हौसानं चूल पेटवली नाही. रिकाम्या गोठ्यात बसून ढसाढसा रडली. "माझी म्हैस आणा, न्हाईतर मी चालले माहेराला!"

चाचाही भडकले. "येड्या, वस्तू घेताना नुसती किंमत बघू नये. पुढं सांभाळायला काय लागतं ते बघावं!"

"हे आधी सांगायचं की, चाचा."

"आधी विचारायचं की, गाढवा!"

देवाच्या कृपेनं जत्रेच्या शर्यतीला पहिलं बक्षीस दुभती म्हैसच होती. हौसानं बजावलं, "पहिलं यायचं. दुसरं काय बी करायचं न्हाई."

मीटरचा सेल शिदूनं काढून ठेवलेला, तो घरीच राहिला. बघायला आकडाच नाही, म्हणून गडी नुसता पायडल मारत सुटला आणि पहिला आला! सरपंचांनी म्हशीचं दावं त्याच्या हातात दिलं.

शिदूनं विचारलं, "सरपंच, हिला सांभाळायला काय लागतं?"

"वैरण, पेंड, पाणी. आजारी पडली तर डाक्टर."

"रोज?"

"मग काय सणासुदीला? रोज!"

शिदू गालात हसला. आता तो फसणाऱ्यातला नव्हता. त्यानं दावं दुसऱ्या नंबरवाल्याच्या हातात दिलं आणि त्याचं बक्षीस घेऊन घरी आला.

दारात हौसा हळदकुंकू आणि भाकरतुकडा घेऊन उभी. "जिंकला न्हवं? म्हैस कुठाय?"

"दिली. लई खर्चिक हुती." शिदूनं तिच्या हातात नवीकोरी दुधाची किटली ठेवली. "ही बघ. वैरण नगं, पेंड नगं, सेल नगं. आनी आत तर बघ, आधीपासनंच शून्यावर हाय!"