राखेची रेघ

पुष्कळ पुष्कळ वर्षांपूर्वीची गोष्ट. इतकी जुनी, की तेव्हाच्या घरांची जोतीसुद्धा आता जमिनीवर दिसत नाहीत.

डोंगराच्या पायथ्याशी एका गावात सटवाजी नावाचा कुंभार राहत होता. हाताला मोठा गुण होता त्याच्या. पण सारा जन्म एका छपराखाली गेला होता, तीन बाजूंनी कूड आणि चौथी बाजू सताड उघडी. तेवढ्यात घागरी-मडकी निभावत. मोठा रांजण घडवला, की मात्र वारा लागून भाजण्याआधीच त्याला तडा जाई. आपल्या बापासारखे रांजण आपणही घडवावेत, ही सटवाजीची जन्माची हौस. त्या वर्षी घाटावरच्या पाणपोईसाठी बारा मोठे रांजण गावाने त्यालाच सांगितले. चैत्र लागायच्या आत द्यायचे होते. आता चार भिंतींचे घर हवेच होते.

बायको गोजरा म्हणाली, "अहो, आधी कुणा जाणत्याला विचारून घेऊ या."

गावात घरांची आखणी करून देणारा एक म्हातारा स्थपती होता. तो आला. भांडी भाजायच्या आव्याजवळची मूठभर राख त्याने उचलली, मोकळ्या जागेवर चार रेघा ओढल्या आणि म्हणाला, "मी दोन दिवस इथं बसून तुमचं काम बघीन. घरात काय येतं, घरातून काय जातं, ते मला कळलं पाहिजे. मग आखणी करीन. दहा नाणी होतील. बांधायला मात्र दुसरा माणूस बघावा लागेल."

सटवाजीला हसू आले. "दोन दिवस नुसतं बसायची दहा नाणी? आणि राखही माझीच?"

म्हातारा रागावला नाही. त्याने पायाने रेघा पुसल्या आणि तो आपल्या वाटेने गेला.

मग मुकादम आला. "गवंडी माझे, सुतार माझे, विटा-लाकूड माझं," तो म्हणाला. "शंभर नाण्यांत उक्तं घेतो. आखणीबिखणीचं निराळं काही नाही. अशी वीस घरं बांधलीत मी."

सटवाजी खूश झाला. दहा नाणी वाचली, असे त्याने चारचौघांत सांगितलेही.

मुकादम लबाड होता असे मात्र कुणी समजू नये. त्याने विटा पक्क्या वापरल्या, छप्पर नीट घातले, आणि बोलल्या दिवशी घर उभे करून दिले. गाव बघायला आले. गोजराने उंबऱ्यावर हळदकुंकू वाहिले.

पहिल्या दिवशी फक्त गाढव अडले. पाठीवर दोन्ही बाजूंना मातीच्या गोण्या, त्यामुळे ते दारात शिरेना. "तुला घराची सवय नाही," असे म्हणून सटवाजीने त्याला चार शिव्या दिल्या आणि माती बाहेरच उतरवून घेतली. गाढवाने सांगायचे ते सांगून टाकले होते, पण गाढवाचे कोण ऐकतो?

दोन महिने सटवाजी खपला. बंद भिंतींच्या सावलीत रांजण सावकाश सुकले आणि एकालाही तडा गेला नाही. बारा रांजण ओळीने उभे राहिले, अडीच-अडीच हात रुंद पोटाचे. ते बघताना त्याला बापाची आठवण येई आणि डोळे भरून येत.

मग आव्यात लावायचा दिवस उजाडला. चौघांनी पहिला रांजण अलगद उचलला, दारापर्यंत आणला आणि सगळे थांबले. दार दोन हात रुंद होते. कच्चा रांजण आडवा करता येत नाही, स्वतःच्याच वजनाने तो फाकतो.

सटवाजीने जन्मभर भांड्याचे तोंड, पोट, बूड नुसत्या नजरेने मोजले होते. दार त्याने कधी मोजले नव्हते, कारण त्याला कधी दारच नव्हते.

मुकादमाला बोलावणे गेले. तो डोके खाजवत म्हणाला, "सटवाजी, तुम्ही दार मागितलंत, मी दार दिलं. रांजणाचं तुम्ही बोलला नाहीत, मीही विचारलं नाही. आता ही भिंत पाडायची तर छपराची तुळई तिच्यावरच टेकलीय. टेकू द्यायचे, भिंत काढायची, नवी तुळई घालायची. पस्तीस नाणी पडतील."

दुसरा इलाज नव्हता. भिंत उतरली, आणि त्या खिंडारातून डोंगराचा कोरडा वारा आत घुसला. पोती लावून पाहिली, चादरी लावून पाहिल्या. टेकू आणि विटांच्या ढिगातून रांजण न्यायला वाट मोकळी होईपर्यंत तीन दिवस गेले आणि तेवढ्यात बारापैकी नऊ रांजण तडकले. चैत्र तोंडावर आला होता. वाटसरूंची तहान कुणासाठी थांबत नाही. गावाने पाणपोईचे काम शेजारगावच्या कुंभाराला दिले.

सटवाजी तडकलेले रांजण खड्ड्यात भिजवून पायाने तुडवत होता, तेव्हा तो म्हातारा स्थपती तिथे येऊन बसला.

"या मातीचे पुन्हा रांजण होतील?" त्याने विचारले.

"होतील की. कच्चेच आहेत. भिजले की पुन्हा माती."

"आणि भिंतीचं?"

सटवाजीने मान वळवून घराच्या खिंडाराकडे पाहिले.

"तुझी चूक पाण्यात भिजवून मोडता येते," म्हातारा म्हणाला. "घराची नाही येत. म्हणून मी घर आधी राखेत बांधतो. तिथली भिंत पाडायला पायाचा अंगठा पुरतो."

सटवाजीने खड्ड्यातून वर येऊन चिखलाच्याच हातांनी त्याला नमस्कार केला. "बाबा, आता बसा दोन दिवस."

म्हातारा दोन दिवस बसला. त्याने राखेच्या रेघा ओढल्या आणि रांजणाएवढा बांबूचा हारा, मोठी टोपलीच ती, नवराबायकोला धरायला लावून त्या रेघांमधून फिरवले. हारा अडला, की रेघ पुसायची आणि सरकवून ओढायची. असे सात वेळा झाले. मग त्याच मुकादमाने, त्याच विटांनी, आव्याच्या बाजूला चार हात रुंद दार बांधले. गाढव गोण्यांसकट सरळ आत गेले.

पुढच्या वर्षीपासून सटवाजीचे रांजण दूरदूरच्या गावांना जाऊ लागले. पण घाट चढताना तो पाणपोईशी थांबला, की तिथे दुसऱ्याच्या हातचे बारा रांजण उभे असत. तो ओंजळभर पाणी पिई, एका रांजणाच्या पोटावरून हात फिरवी आणि पुढे जाई.

तात्पर्य: बांधण्याआधी विचार करून घेण्याचे मोल जो वाचवतो, त्याला तेच मोल पुढे पाडण्यासाठी कितीतरी पटींनी मोजावे लागते.