मुरलेले मीठ

सज्जनहो, काळाची गणना जिथवर पोहोचत नाही, तेव्हाची ही गोष्ट. पूर्वसमुद्राला टेकलेल्या कोरिया देशातल्या एका डोंगराळ खेड्यात घरोघरी परसात मातीचे रांजण मांडलेले असत. थंडी पडू लागली की बायका सोयाबीन शिजवून कुटीत, त्याच्या विटा थापीत आणि पेंढ्याच्या दोरीने वळचणीला टांगीत. विटांवर बुरशीची लव धरली की त्या मिठाच्या पाण्यात बुडवून रांजणात मुरत ठेवीत. त्यातून जो दाट, तपकिरी, उग्र वासाचा गोळा निघे, त्याला ते लोक द्वेनजांग म्हणत. त्याचे पळीभर सार केले की भात गोड लागे आणि पोट हलके राही.

त्या खेड्यात ओकबुन नावाची एक सून होती. नवरा दूरच्या सीमेवर पहाऱ्याला गेलेला; घरात ती आणि वृद्ध सासरे. निघताना नवऱ्याने वडिलांचा हात तिच्या हातात दिला होता. त्या हाताला ती देवाच्या निरांजनासारखी जपत होती.

पुढे सासऱ्यांचे पाय सुजू लागले. वैद्य आले, नाडी पाहिली आणि मीठ पूर्ण वर्ज्य करून गेले. पण गावात द्वेनजांगाचा भलताच बोलबाला होता. कोणाचे अजीर्ण द्वेनजांगाने गेले होते, कोणाला आजारपणानंतर त्याच सारावर भूक लागली होती. तेवढ्यावरून विहिरीवरच्या बायका म्हणू लागल्या, की आपल्या रांजणांपुढे वैद्य उपाशी मरायचा. ओकबुनने ते मनावर घेतले. मिठाचे मडके तिने माळ्यावर ठेवले आणि घरातल्या सर्वांत जुन्या रांजणातले द्वेनजांग सासऱ्यांच्या वाडग्यात पळ्या भरभरून घालू लागली.

सासरे बिचारे तहानेने व्याकूळ होत, तरी वाडगा रिकामा करीत.

एके सकाळी त्यांना मोजे चढवायला ती वाकली आणि जागीच थिजली. पाऊल मोज्यात शिरेना. तिचा अंगठा जिथे दाबला गेला, तिथे ओल्या मातीत पडावा तसा खळगा पडला, आणि तो भरून येईना. सासऱ्यांना धाप लागली होती. ती अनवाणीच धावत जाऊन वैद्यांना घरी घेऊन आली.

वैद्यांनी पाय पाहिले, मग तिच्याकडे पाहिले. "मीठ बंद केले होतेस ना, मुली?"

"चिमूटभरही घातले नाही. फक्त द्वेनजांग दिले, तेही जुन्यातले जुने."

"त्यात मीठ नसते?"

"नव्यात असते. जुन्यातले मुरून गेले. जिभेला कुठे लागते? तुम्हीच चाखा."

वैद्यांनी बोटावर घेऊन चाखले.

"चव मवाळ झाली आहे, मुली. मीठ मात्र होते तेवढेच आहे. मुरले म्हणून ते कुठे जात नाही."

ओकबुनला वाटले, आपण चुकीचे ऐकले. मग सासऱ्यांना वाढलेला प्रत्येक वाडगा तिच्या डोळ्यांपुढे उभा राहिला. कोणी शत्रूने घातला नसता एवढा घाला तिने स्वतःच्या हाताने, देवाचे नाव घेत, तिन्ही वेळा घातला होता.

"मामंजी, इतकी तहान लागत होती, तर बोलला का नाहीत?"

"सूनबाई, तू इतक्या मायेने वाढायचीस," धापेतून सासरे म्हणाले. "तुला नको कसे म्हणू?"

वसंतात झाडांना पाने फुटण्याआधीच सासरे गेले. नवरा परतला, तेव्हा ओकबुनने काहीही न लपवता सारे सांगितले. तो तसाच उंबऱ्यावर बसून राहिला. त्याचे ते बसणे तिला जन्मभर सोबत बाळगावे लागले.

रांजण तिने फोडले नाहीत. त्यांचा काय दोष? द्वेनजांग ती घालीतच राहिली. कोणी गुण विचारले की सांगे, "पोटाला मानवते असा आमचा अनुभव आहे, आणखीही गुण असतील. पण दुखणे असेल तर आधी वैद्यांना विचारा, आणि वाढताना देवळातला प्रसाद घेता तेवढेच घ्या."

तात्पर्य : गुणकारी अन्नही प्रमाण सोडून आणि जाणत्याचा शब्द डावलून दिले, तर आंधळी माया त्याचेच विष करते.