येसबाने प्लेट निवडली

मूर्ख माणूस मी दोन कोसांवरून ओळखतो. सराव आरशात बघून झालाय, ती गोष्ट वेगळी.

तर एका गावात एक भोळा पैलवान होता. नाव येसबा. अंगाने रेडा, पण पकड लोण्याची. धरलेला गडी सुळकन निसटायचा.

हिंदुराव वस्ताद म्हणाले, "जत्रेतली कुस्ती हरलास तर तालमीतनं हाकलीन. ह्या वजनाच्या लोखंडी प्लेटा बघ. एक निवड अन् बोटांच्या चिमटीत धरून उभा राहा. पकड बसंल."

येसबाने सगळ्यांत मोठी निवडली. धरली. निसटली. वस्तादांच्या पायावर पडली.

"मेलो! अरे, आधी हलकं घ्यावं!"

"चुकलं वस्ताद. आता तसंच करतो."

घरी आई म्हणाली, "विहिरीवरची घागर आण रे." विहिरीवर घागरी दोन. एक भरलेली, एक रिकामी. येसबाने रिकामी आणली.

"मुडद्या, भरलेलं आणावं! अन् घरी येईस्तोवर हातातनं सोडू नये."

"चुकलं आई. आता तसंच करतो."

दुसऱ्या दिवशी वस्ताद पायाला फडकं बांधून बसलेले. येसबाने लहान प्लेट घेतली. बघतो तर मधे भोक. रिकामं! त्याने ते शेणाने गच्च भरलं, प्लेट चिमटीत धरली आणि घराकडे निघाला. मागून वस्ताद लंगडत.

"अरे, चाललास कुठं?"

"घरी. त्याआधी सोडायची न्हाई."

"गाढवा, मी 'सोड' म्हणेपर्यंत सोडायची नाही! घराचा काय संबंध?"

"चुकलं वस्ताद. आता तसंच करतो."

आणि केलं की! जत्रेपर्यंत पकड अशी बसली, की येसबाने शेपूट धरलं तर म्हैस जागेवर थांबायची. वस्ताद खूश.

जत्रेचा दिवस उजाडला. आखाड्यात समोर शेजारगावचा मल्ल, डोंगराएवढा. मधे पंच काशिलिंग मास्तर, वाळल्या शेवग्याच्या शेंगेएवढे. मास्तरांनी दोघांचे हात मिळवले आणि म्हणाले, "हां, धरा!"

येसबाने डोंगराकडे पाहिलं. शेंगेकडे पाहिलं. आधी हलकं घ्यावं.

त्याने मास्तरांना कमरेला धरून उचललं, लाल मातीत चितपट केलं, छातीवर बसला आणि दोन्ही मनगटं घट्ट धरली. सगळ्या आखाड्याने कपाळाला हात लावला. समोरचा मल्ल तेवढा टाळ्या वाजवत होता.

"वस्ताद, सोडू का?"

वस्तादांचं तोंड उघडं. त्यातून शब्द निघेना. म्हणून येसबाही सोडेना.

शेवटी तो खाली वाकला. "मास्तर, निकाल द्या की लवकर. हरलो तर वस्ताद हाकलतील मला."

मास्तर खालून म्हणाले, "आधी अंगावरनं ऊठ, मेल्या! कोण जिंकलं ते मला हितनं दिसंना झालंय."