ठकूआईनं विचारलं

फार मागची गोष्ट आहे. आमच्या हिंगणटेकात तेव्हा विहीर नव्हती, नदीच्या वाळूत झिरा उकरून बाया पाणी भरायच्या, इतकी मागची. त्या काळी गावात ठकू नावाची सणगराची बाई राहायची. सणगर म्हणजे मेंढीच्या लोकरीची घोंगडी विणणारे. ठकूच्या हातापुढे कसलाही गुंता टिकत नसे. एकदा पुरात भिजून आणि उन्हात वाळून लोकरीचा एक गठ्ठा दगडासारखा झाला. चार गड्यांनी तो उकिरड्यावर टाकायला उचलला. ठकूनं तो मांडीवर घेतला आणि दिवस मावळायच्या आत केस न् केस वेगळा केला. त्या लोकरीच्या घोंगडीतून पावसाचा थेंब आत जात नसे, असं म्हणतात.

त्याच गावात सिदू आणि भागू यांची हौसा नावाची नऊ वर्षांची मुलगी होती. तिला मोठा ताप आला. दोन महिने ती अंथरुणाला खिळून होती. उठली तेव्हा मानेमागच्या केसांत एक गाठ बसली होती, सुपारीएवढी. आईनं फणी घातली असती तर तेव्हाच सुटली असती. पण शेजारीण ओरडली, "फणी लावू नगंस भागू! जट हाय ती. देवी आलीय पोरीच्या डोक्यात."

झालं. त्या दिवसापासून हौसाच्या डोक्याला फणी नाही, शिकेकाई नाही. रोज सकाळी गाव तिच्या दारात उभं. प्रत्येकानं ओल्या हळदीचा हात तिच्या केसांवरून फिरवायचा, वर कुंकू टाकायचं आणि पाया पडायचं. कालपर्यंत जिच्याशी लगोरी खेळले, ती पोरंसुद्धा लांबून हात जोडू लागली. तिला कोणी हाक मारीना, रागे भरीना, जेवलीस का म्हणून विचारीना. देवीला काय विचारायचं? हौसा हळूहळू बोलायचीच बंद झाली. सुपारीएवढी गाठ नारळाएवढी झाली, मग पाठीवर लोंबू लागली. तिच्या ओझ्यानं पोरीची मान एका बाजूला कलली.

मग यल्लू जोगतीण आली. तिच्या स्वतःच्या डोक्यावर साठ वर्षांची जट होती, कमरेपर्यंत. तिनं हौसाला पाहिलं आणि सांगितलं, "चैताच्या पुनवंला हिला देवीला सोडायची. गाडी घिऊन येते." देवीला सोडायची म्हणजे आईबापानं पोरीवर पाणी सोडायचं. तिनं लग्न करायचं नाही, घर करायचं नाही, जन्मभर परडी घेऊन दारोदार जोगवा मागायचा. भागू रडली. सिदू म्हणाला, "रडू नगंस, कोप हुईल." बापच असं म्हणतो! मला इथं दर वेळी सिदूला धरून हलवावंसं वाटतं.

आणि ठकू? खरं सांगायचं तर ठकूही रोज जाऊन हळद लावून येत होती. सगळं गाव चुकलं त्यात तीही चुकली.

पुनवेला दहा दिवस राहिले होते. ठकू अंगणात बुरणूस करत बसली होती. बुरणूस म्हणजे लोकरीचं जाड अंथरूण, ते विणत नाहीत. लोकर पाण्यानं भिजवायची, हातानं चोळायची, दाबायची, परत भिजवायची, परत चोळायची. मग ती अशी धरते की कुऱ्हाडीनंही सुटू नये. चोळता चोळता ठकूचे हात थांबले. तळवे अजून सकाळच्या हळदीनं पिवळे होते. ती सुनेला म्हणाली, "अगं, देवी कुठली? आपणच पोरीच्या डोक्याचा बुरणूस केला की गं!"

ती तशीच उठून हौसाच्या दारात गेली. म्हणाली, "मी जट सोडवते."

गाव गोळा झालं. "हात झडत्याल, ठके!"

"झडू द्या. एवढ्या वर्सांनी तेवढाच इसावा."

"देवीला इचारलंस का?" सिदू म्हणाला.

"देवी डोक्यात हाय म्हणता न्हवं? मग डोकं जिचं हाय तिलाच इचारते." असं म्हणून ठकू हौसासमोर खाली बसली. "हौशे, हात लावू का?"

हौसाचे डोळे जमिनीकडे.

ठकू बसून राहिली. तो दिवस गेला. दुसरा गेला. सून भाकरी घेऊन आली आणि कानात म्हणाली, "आत्याबाई, दिस जात्याती. कातर आणलीय. झोपंत कापून टाका आन् मोकळ्या व्हा." ठकू म्हणाली, "झोपंत तिच्यावर जट चढली. झोपंतच उतरवली, तर तिच्या हाताला काय आलं?" मी तिथं असतो तर कातर हिसकावून चालवलीच असती. म्हणून तर गोष्ट ठकूआईची सांगतात, माझ्यासारख्याची नाही.

तीन दिवस ती हलली नाही. तिच्यावर ऊन पडू नये म्हणून समोरच्या लिंबाची सावली तीन दिवस जागची सरकली नाही, असं म्हणतात.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी हौसा पुटपुटली, "मान दुखती."

"मग लावू का हात?"

"लाव."

भागूनं तोंडाला पदर लावला. किती महिन्यांनी पोरीचा आवाज ऐकला होता.

ठकूनं करडईचं कोमट तेल जिरवलं, रिठ्याचं पाणी घातलं आणि टोकाकडून एकेक केस मोकळा करायला घेतला. त्या जटेतून शेरभर हळद निघाली. झेंडूचे देठ निघाले, जोंधळ्याचे दाणे निघाले. पाचव्या दिवशी चिमणीचं अंडं निघालं आणि ते ठकूच्या तळहातावर फुटून पिल्लू उडून गेलं, असं म्हणतात. मोकळे केस उंबऱ्यापर्यंत गेले, उंबरा ओलांडून गल्लीत गेले, आणि लोक त्यांच्यावर पाय पडू नये म्हणून भिंतीला चिकटून चालू लागले. हात झडतील म्हणणारेच आता येऊन ठकूच्या तोंडात घास घालत होते, कारण तिचे हात मोकळे नव्हते.

पुनवेच्या सकाळी गाडी दारात आली. बैलांच्या शिंगांना भंडारा लावलेला, हलगी वाजत होती. आत ठकूच्या बोटांत शेवटची गाठ होती, तीच पहिली, सुपारीएवढी. हलगी दारात पोचली आणि गाठ सुटली. हौसानं मान सरळ केली. डावीकडे फिरवली, उजवीकडे फिरवली. मग गाडीखालून पलीकडे निघाली आणि लगोरी खेळणाऱ्या पोरांत जाऊन भांडायलाही लागली, "माझा डाव हाय!"

गाडीवाले म्हणाले, "जटच न्हाई, तर न्यायचं काय?" गाडी रिकामी फिरली.

यल्लू जोगतीण मात्र मागं राहिली. ती ठकूसमोर येऊन पाठमोरी बसली. ठकूनं विचारलं, "यल्लूबाई, हात लावू का?"

यल्लूनं आपल्या जटेवरून एकदा हात फिरवला. मग म्हणाली, "नगं. माझी हाय ती, राहू दे. पर साठ वर्सांत इचारलंस तूच पयली." ठकूनं हात जोडले. त्यानंतर दोघी एका ताटात जेवल्या.

ठकूचे हात झडले नाहीत. ती शंभर वर्षं जगली आणि शेवटपर्यंत तिचे तळवे तान्ह्या बाळासारखे मऊ होते, असं म्हणतात. लोक तिला ठकूआई म्हणू लागले.

हिंगणटेकात आजही विचारल्याशिवाय कोणी कोणाच्या केसांना हात लावत नाही. न्हावी गिऱ्हाइकाला विचारतो. जावळ काढताना मामा तान्ह्या भाच्याला विचारतो आणि ते बाळ हुंकारेपर्यंत सगळा मांडव थांबतो. पुण्याहून शिंद्यांचा पोरगा राजा फॅशन म्हणून डोक्यावर जटांच्या वळकट्या करून आला, तेव्हा त्याच्या आजोबांनी चावडीवर त्याला शिव्या घातल्या. "मेंढरू झालास की रं!" म्हणाले. पण कातर उचलण्याआधी त्यांनीही विचारलं. तो नको म्हणाला. आजोबांनी कातर ठेवली आणि त्याला चहाला घेऊन गेले.

या श्रावणात माझी थोरली बहीण कौसाताई गेली. तिला जवळचा असा मीच. शेवटची आंघोळ घालायला बाया जमल्या. गंगूकाकींनी तांब्या भरला, तिच्या उशाशी वाकल्या आणि रिवाजाप्रमाणं विचारलं, "कौसे, हात लावू का?" उत्तर आल्याशिवाय हात लावायचा नसतो. बाया थांबल्या. पाणी निवायला लागलं. मग त्या सगळ्यांनी दाराकडे, माझ्याकडे पाहिलं.

मी म्हणालो, "लावा. हळू लावा."