खांबेटेबाईंचं मूलद्रव्य

खांबेटेबाई कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायच्या. प्राचार्य रणदिव्यांनी त्यांना मुदतीआधीच घरी पाठवायचं ठरवलं, आणि निरोपसमारंभात वर एक खेळही काढला.

"प्रत्येकानं आपल्या स्वभावाचं मूलद्रव्य सांगायचं. मी ऑक्सिजन! माझ्याशिवाय हे कॉलेज श्वास घेऊ शकत नाही. आणि बाई, तुम्ही लोखंड. एकेकाळी मजबूत होतात, आता पार गंजलात."

दोघेतिघे भीतभीत हसले. बाईंनी शांतपणे मान हलवली.

"खरं आहे, सर. पण लोखंड आपोआप गंजत नाही. त्याला ऑक्सिजनचा सहवास लागतो."

प्राचार्यांनी घाईघाईनं चहा मागवला. निर्णय मात्र बदलला नाही. संध्याकाळी बाईंनी प्रयोगशाळेची किल्ली परत केली.